रिकामा ट्रक

"भांडं रिकामं देऊ नये बाबा," असं म्हणून ती शेजारणीच्या वाटीत काहीतरी टाकायचीच. काही नसलं तर मिठाचे चार खडे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही मला चाकूरजवळच्या चारा छावणीत भेटली. दुष्काळात बैलजोडी जगवायला ती तिथंच राहायला आली होती. सगळे तिला मावशी म्हणायचे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. साहेबांना खुर्च्या आल्या, पाट्या आल्या. कडबा मात्र नांदेडकडच्या, कालव्याखालच्या एका गावानं आपणहून पाठवला. मी छावणीत पर्यावरणाची पत्रकं वाटायचो. एकदा पोषणचक्र मोठ्यानं वाचून दाखवलं: मातीतून चारा, चाऱ्यातून शेण, शेणातून पुन्हा माती.

"कोन्या गावची माती?" मावशीनं विचारलं.

पत्रकात ते नव्हतं.

एके दिवशी कडबा उतरवून ड्रायव्हर म्हणाला, "आमच्या गावात कुरबुर सुरू हाय. पुढची खेप येईल का न्हाई, सांगता येत न्हाई."

मावशीनं आपल्या बैलांकडं पाहिलं. मग पाटी उचलली आणि वाळलेलं शेण रिकाम्या ट्रकात भरू लागली.

"ओ मावशी, काय करून राहिल्या? ट्रक हाय, उकिरडा न्हाई."

"त्यांच्या रानातलं हाय. रिकामा कसा पाठवू?"

"अन् ट्रक धुवायला पानी?"

"झाडून घे की. लगीच वऱ्हाड न्यायचंय का तुला?"

सगळे हसले, आणि हसत हसत पाट्या उचलू लागले.

नंतर बरेच दिवस ट्रक आला नाही. मावशी आपल्या वाट्याचा कडबा पुरवून पुरवून घालायची आणि रस्त्याकडं बघायची.

आणि एका दुपारी ट्रक आला, शिगोशीग भरलेला. ड्रायव्हर फावडं घेऊनच उतरला. "कुठंय तुमचं शेण? गावानं मागितलंय."

पाऊस पडला, छावणी उठली. जाताना मावशीनं मला वाटीभर जवसाची चटणी दिली.

पुढच्या साली वाटीत ज्वारी घालून मी तिच्या गावी गेलो. मावशी उन्हाळ्यातच वारली होती. घराला कुलूप होतं. वाटी मी शेजारणीच्या हातात दिली. तिनं ज्वारी ओतून घेतली, आत गेली आणि वाटीत गुळाचा खडा घालून बाहेर आली.

"रिकामी कशी देऊ?"

वाटी अजून माझ्याकडेच आहे.