टोपलीतलं काही जात नाही

संगणक बिघडला म्हणून कुणी घरी बोलावलं की मास्तर आधी यंत्राला हात लावत नाहीत. खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "बिघडायच्या आधी शेवटचं काय केलं होतंत?" उत्तर ठरलेलं असतं. "काहीच नाही हो." बावीस वर्षांत एकाही घरात कुणी काहीही केलेलं नाही, असं मास्तर सांगतात. यंत्रं आपोआप बिघडतात, आणि माणसं त्या वेळी नेमकी दुसऱ्या खोलीत असतात.

त्याआधी ते टायपिंगचा क्लास चालवायचे. क्लास बंद पडला, हाताखालून गेलेल्या कारकुनांच्या घरी संगणक आले आणि 'मास्तर, जरा बघून जा' असे निरोप यायला लागले. धंदा बदलला, नाव तेच राहिलं. आता वय एकोणसाठ. खांद्याला रेक्झिनची पिशवी, तिच्यात तीन पेचकस, रंगाऱ्याचा एक इंची ब्रश, नाण्याएवढे दोन सेल आणि एक शाळकरी खोडरबर. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात रबरानं घासले की मेलेली यंत्रंही पुष्कळदा उठून बसतात. लोक तोंडात बोट घालतात. मास्तर म्हणतात, "मळ होता, बाकी काही नाही."

पण दुरुस्तीपेक्षा त्यांची ओळख होती ती कागदामुळे. काम झालं की ते वहीचं एक पान फाडत, त्यावर टायपासारख्या सुट्या अक्षरात सूचना लिहीत आणि पडद्याशेजारच्या भिंतीला चिकटवून देत. मला फोन करण्याआधी यंत्र एकदा बंद करून चालू करा. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला आकडा सांगू नका. खऱ्या बँकेला तो लागत नाही. पासवर्ड पडद्यावर चिकटवू नका, डब्यात ठेवा. जपायचं असेल त्याची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या जागी ठेवा. चौकट काय विचारते ते वाचल्याशिवाय 'होय' दाबू नका. ही शेवटची सूचना लिहिताना ते न चुकता म्हणत, "न वाचता 'होय' आयुष्यात एकदाच म्हणायचं असतं, लग्नात. तेव्हाचं पुरे झालं." बायका हसत, नवरे पिशवीकडे बघत.

एक गोष्ट मात्र कागदावर नसे, ती तोंडी सांगायची. म्हातारी माणसं यंत्राला बोट लावायला घाबरतात. आपल्या हातून काही पुसलं गेलं तर, ही त्यांची धास्ती. ती घालवायला मास्तर एखादा फोटो पडद्याच्या कोपऱ्यातल्या टोपलीत टाकून दाखवत आणि लगेच परत काढून देत. "बघा. टोपलीतलं काही जात नाही. माउसची उजवी कळ दाबा, पहिली ओळ निवडा, जिथून गेलं तिथं परत हजर. घाबरायचं कशाला?" केराची टोपली असं ते मुद्दाम म्हणत नसत. केर म्हटलं की माणसं पुन्हा बिचकतात, असा त्यांचा अनुभव होता.

चार वर्षांपूर्वी हे वाक्य त्यांनी सिस्टरांच्या घरी उच्चारलं.

सिस्टर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. एकतीस वर्षं इस्पितळात काढलेली, म्हणून अख्ख्या इमारतीच्या सिस्टर. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात गेला होता. डाव्या हाताच्या एका बोटानं त्या टाइप करत. रोज चार ते पाच, ड्युटी लावल्यासारखं. काय लिहिता, असं मास्तरांनी एकदाच विचारलं होतं.

"आईचं दुखणं लिहितेय. शेवटचे चाळीस दिवस."

"कुणासाठी?"

"धाकटीसाठी. ती तेव्हा इथं नव्हती. आईची श्वासाची नळी मी काढायला सांगितली, एवढंच तिला कळलं. का सांगितली ते कळलं नाही. अकरा वर्षं बोलत नाही माझ्याशी."

"मग फोन करून सांगायचं."

"मास्तर, उचलला तर सांगीन ना."

यंदा एका बुधवारी सकाळी सिस्टरांनी त्यांना बोलावलं. पडद्यावर सारखी सूचना येत होती, जागा संपत आली आहे. मास्तरांनी नेहमीसारखी सुरुवात केली. अशा वेळी पहिलं काम ठरलेलं, टोपली रिकामी करणं. निम्मी जागा तिथंच अडकलेली असते. त्यांनी उजवी कळ दाबली. चौकट आली, कायमचं पुसायचं का म्हणून विचारत. मास्तरांचा अंगठा एंटरवर पडला तेव्हा ते सिस्टरांना पंख्याच्या आवाजाबद्दल काहीतरी सांगत होते. मग त्यांनी दोन निरुपयोगी प्रोग्रॅम काढले, पंख्यातली धूळ ब्रशनं झाडली आणि अकराच्या सुमाराला ते निघाले.

सव्वाचारला फोन आला.

"मास्तर, टोपली रिकामी दिसतेय."

"हो, मीच केली. जागा झाली ना?"

सिस्टर म्हणाल्या, "माझं लिखाण तिथं होतं."

मास्तर येईपर्यंत त्या यंत्रासमोर तशाच बसून होत्या. चूक कशी झाली ते त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःला ती चूक वाटतच नव्हती. वॉर्डात हत्यार वापरलं की धुऊन ट्रेमध्ये परत. बाहेर राहिलं ते हरवलं. एकतीस वर्षांची सवय. शेजारणीची नातवंडं अधूनमधून येऊन पडद्यावरची चित्रं इकडची तिकडं करत. आपलं लिखाण त्यांच्या तावडीत सापडायला नको. टोपलीतलं काही जात नाही, हे तर खुद्द मास्तरांनी सांगितलेलं. म्हणून रोज चारला उजवी कळ, पहिली ओळ, लिखाण बाहेर. पाचला परत टोपलीत.

"पण दुसरी प्रत? मी पेन ड्राइव्ह दिला होता."

"करते की. दर रविवारी." त्यांनी खणातून पेन ड्राइव्ह काढून दिला. त्यात पडद्यावरचं सगळं होतं, तारखेवार, चार वर्षांचं. विजेची बिलं, औषधांच्या पावत्या, शेजारच्या नातवंडांनी काढलेली हत्तीची चित्रं. टोपली तेवढी नव्हती.

"छापून?"

"पुरं झालं की एकदाच छापणार होते."

मास्तरांनी पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम बाहेरून लावला. वर्षापूर्वी त्यांनीच इथली जुनी, आत तबकडी फिरणारी डिस्क काढून नवी बसवली होती, यंत्र झटकन सुरू व्हावं म्हणून. जुन्या डिस्कवरचं पुसलेलं सहसा लगेच जात नाही. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत खाली पडून राहतं. नवी डिस्क रिकामी झालेली जागा स्वतःच धुऊन टाकते. हे मास्तरांना पाठ होतं, तरी ते चाळीस मिनिटं पट्टी सरकताना बघत राहिले. अखेर यादीत नाव आलं, 'आईचे चाळीस दिवस'. आकारही बरोबर. सिस्टर पुढे झुकल्या. मास्तरांनी फाइल उघडायला सांगितली, तर यंत्र म्हणालं, उघडत नाही. आत बघायचा दुसरा प्रोग्रॅम लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शून्यं होती.

"बघतो," मास्तर म्हणाले. "शहरात एक दुकान आहे, फक्त हेच काम करतं." त्यांनी डिस्क काढली आणि रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

दुकानातल्या माणसानं दोन दिवस ठेवून घेऊन डिस्क परत दिली. "काका, तुम्ही या धंद्यातले. तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

त्या संध्याकाळी मास्तरांची बायको पँटला टीप घालत होती. कपडे लहानमोठे करून देण्याचं काम ती घरीच करते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, व्हायरस आला होता म्हणा. लोकांना व्हायरस पटतो."

"बावीस वर्षं मी लोकांना सांगतोय, दरवेळी व्हायरसवर बिल फाडू नका."

"मग आता एकदा फाडा. त्या बाईला काय फरक पडतो? गेलं ते गेलं."

"अगं, चौकट आली होती समोर. मी वाचली नाही."

"कोण वाचतं?" बायकोनं दातानं दोरा तोडला. "तुम्हीच तेवढे वाचा म्हणून सांगत फिरता, आणि तेच आता नडतंय."

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मास्तर मान्य करतात. सिस्टरांच्या इमारतीचा जिना चढेपर्यंत व्हायरस हा शब्द त्यांच्या तोंडात तयार होता. दार उघडलं तेव्हा सिस्टरांनी डावा हात पुढे केला, डिस्क घेण्यासाठी. मास्तरांनी ती दिली आणि म्हणाले, "माझ्या हातून गेलं. यंत्रानं विचारलं होतं, मी न वाचता होय म्हटलं. परत येणार नाही."

"माहीत होतं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही कळ दाबलीत तेव्हा कागद चुरगाळल्यासारखा आवाज झाला यंत्रात. मी स्वयंपाकघरात नव्हते, मास्तर. इथंच होते, तुमच्या मागं. वाटलं, तुमचं काहीतरी काम चाललंय."

भरपाई म्हणून मास्तरांना एकच गोष्ट सुचली. टायपिंग. त्यांचा वेग अजून मिनिटाला पन्नास शब्द होता. तुम्ही सांगा, मी घेतो, असं ते म्हणाले. सिस्टरांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, चारला या. मास्तरांनी आधी डिस्क परत यंत्रात बसवली.

त्या सांगू लागल्या. "पहिला दिवस. रुग्ण शुद्धीवर. नाडी अठ्ठ्याऐंशी. ताप नाही. रात्री दोन वेळा उलटी." मास्तरांची बोटं धावत होती. पानभर झाल्यावर ते थांबले.

"सिस्टर, रुग्ण म्हणजे आई ना?"

"हो."

"मग आई लिहू?"

"लिहा." पण पुढच्याच वाक्यात पुन्हा रुग्ण आला. समोर माणूस बसला की त्यांच्या तोंडून ड्युटी बदलतानाची भाषा यायची. जाणारी परिचारिका येणारीला सांगते तशी, उभ्याउभ्या. तापमान, पाणी किती पोटात गेलं, किती बाहेर आलं. मास्तर दिवसाला पान-दीड पान घेत. वाचून दाखवलं की सिस्टर म्हणत, "तपशील बरोबर आहे."

एकदा त्यांनी विचारलं, "आधीचं असंच होतं?"

"नाही."

"मग कसं होतं?"

"एका बोटानं लिहिलेलं होतं. एका शब्दाला इतका वेळ लागायचा की दुसरा शब्द सुचायचा, तो जास्त खरा असायचा. मग पहिला खोडायचा. तोंडानं बोलताना तसं होत नाही. पहिलाच निघून जातो."

लिहून घ्यायच्या नवव्या दिवशी आईचा अडतिसावा दिवस आला. नळी काढण्याचा. मास्तर कळफलकावर बोटं ठेवून वाट बघत राहिले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"हे तुमच्यासमोर नाही सांगता येणार."

"मी बाहेर बसतो. तुम्ही लिहा."

मास्तर जिन्यात जाऊन बसले. आतून एकेक कळ ऐकू येत होती, मध्ये लांब अंतर. पाऊण तासानं सिस्टरांनी हाक मारली. पडद्यावर तीन शब्द होते, 'आईनं माझ्याकडे बघून' आणि त्याच्यापुढे काही नाही.

"तीन वर्षांपूर्वी या वाक्याला मला चार महिने लागले होते," त्या म्हणाल्या. "आता ते आठवत नाही. आईचं आठवतं. वाक्य आठवत नाही." मग त्यांनी त्याच बोटानं ते तीन शब्द पुसले. "नळी काढली, वेळ संध्याकाळी सहा वीस, असं घ्या. आणि पाठवून टाका. मी त्र्याहत्तरची आहे, मास्तर, पुन्हा चार वर्षं नाहीत माझ्याकडे."

चौदा पानं झाली. पाठवण्याआधी मास्तरांनी त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, एक छापून घेतली आणि एक स्वतःच्या घरी ठेवली. धाकटीचा पत्ता दोनदा तपासला. पाठवू का, असं विचारणारी चौकट आली ती त्यांनी मोठ्यानं वाचली. सिस्टर म्हणाल्या, "होय."

उत्तर बारा दिवसांनी आलं. ते बघायला सिस्टरांनी मास्तरांना बोलावून घेतलं. एकटीनं उघडायचं नव्हतं. मास्तरांनी उघडलं आणि वाचलं.

"रिपोर्ट मिळाला. धन्यवाद."

"पुढं?"

मास्तरांनी पान खाली सरकवलं. खाली धाकटीच्या कचेरीचा पत्ता होता, प्रत्येक पत्राखाली आपोआप येणारा.

"पुढं काही नाही."

"बरोबर आहे तिचं," सिस्टर म्हणाल्या. "रिपोर्टच आहे तो."

मास्तरांनी विचारलं, उत्तर लिहायचं का? आपण घेतो, सावकाश सांगा, हवं तर आज दोनच ओळी. सिस्टरांनी निर्जीव उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. मास्तर पिशवी घेऊन निघाले.

ते अजूनही घरोघर जातात, कागदही लावतात. सिस्टरांकडून मात्र दुरुस्तीसाठी बोलावणं येत नाही. यंत्रात बिघाड काहीच नाही. ते आता कुणी चालूच करत नाही.