कोहळ्याच्या फुलातला ब्रश

समोरच्या गच्चीवरच्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, गळ्यात दुपट्टा आणि गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांच्या कोहळ्याचा वेल कठड्यावरून थेट रस्त्यावर डोकवायचा.

पानांवर मावा कीड पडली, तेव्हा विषारी औषध नको म्हणून त्यांनी खर्र्यात पडतो तोच तंबाखू पातेल्यात उकळला आणि उमललेल्या फुलांसकट सगळा वेल त्या पाण्यानं भिजवला. मावा गेला. फुलांवर आलेल्या मधमाश्याही गच्चीवर मरून पडल्या. काही दिवसांत मावा परत आला, मधमाश्या मात्र आल्या नाहीत. कोवळी कोहळी पिवळी पडून गळू लागली.

तेव्हापासून ते रोज सकाळी रंगाचा बारका ब्रश घेऊन एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात नेतात. माव्यावर नुसत्या पाण्याची धार मारतात, तीही फुलं सांभाळून, पानांच्या खालून.

"काहून काका, तंबाखूचं पाणी बंद केलं?" मी एकदा माझ्या गच्चीवरून विचारलं.

त्यांनी ब्रशावरचे पराग पुढच्या फुलात टेकवले.

"मी रोज तोंडात धरतो ना गा. मले काही होत नाही. मले वाटलं, त्यायले काय होईन?"

परवा एक मधमाशी आली. काका होते तिथंच थांबले. तोंडातला वास तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून ती उडून जाईपर्यंत दुपट्ट्यानं तोंड घट्ट दाबून उभे राहिले.