चोवीस डिग्रीवाले बाळारामकाका

माझं लग्न अडवून ठेवलेला माणूस काल गेला.

बाळारामकाका. राहनाळचे. आमच्या फाउंड्रीत मेणाच्या खोलीचे मास्तर.

सेकंड इयरला कॉलेज सोडलं (सरांशी भांडण, विषय नको) आणि त्यांच्या हाताखाली लागलो.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे पीस आधी मेणाचा बनतो. त्यावर सिरॅमिकचे थर चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत स्टील ओततात. मेण चुकलं की स्टील चुकलंच.

म्हणून अख्ख्या कंपनीत एसी दोघांनाच. मालकाला आणि मेणाला.

मालकाचा बंद पडला तर चालायचं.

मे महिन्यात भट्टीवाले शकीलभाई रोज आमच्याकडे पाना शोधायला यायचे.

काका ओरडायचे, "बाहेर हो! तू आलास का अर्धा डिग्री वाढतं."

"चाचा, मोम को एसी और इन्सान को पसीना?"

"मोम बकबक नही करता."

मला कायम घाई. मेण नीट गार व्हायच्या आत साचा उघडायचो. पीस वाकडा.

काका तो माझ्या नाकासमोर धरायचे. "काय हाय ह्ये?"

"व्हॉल्व्हचा हँडल."

"न्हाय. केळं हाय. सोल आन् खा."

वैशाली क्वालिटीला, टेबल आमच्याच खोलीत. गेज लावून माझे पीस रिजेक्ट करायची. मला तेही आवडायचं.

एकदा दुपारी ती ओढणीने मान पुसत आत आली. "काय उकडतंय आज!"

काका जेवायला गेलेले. मी एसी चोवीसवरून थेट अठरावर आणला.

त्याच गारव्यात चाळीस पिसांवर पहिला थर चढला. काकांनी येऊन एसी परत चोवीसवर केला. गारठून आकसलेलं मेण फुगलं आणि वरचा थर तडकला.

चाळीसच्या चाळीस.

मालक आले. "एसी कोणी कमी केला?"

काका म्हणाले, "ह्यानं. वैशालीला उकडत व्हतं म्हनून. मन हाय त्याचं तिच्यावर."

आठ महिने माझ्या तोंडातून जे निघत नव्हतं, ते काकांनी एका दमात सांगून टाकलं. मालकासमोर. शकीलभाईंसमोर.

वैशाली म्हणाली, "मी कुडकुडत होते दुपारभर. कोणाला सांगू म्हणून गप्प बसले."

पण हसली.

तिचे वडील काही हसले नाहीत. कॉलेज सोडलेला, तापट मुलगा नको म्हणाले. मी भांडायलाच निघालो होतो. काकांनी कॉलर धरली. "तू तोंड उघडू नको. मी येतो."

एसटीने गणेशपुरीला तिच्या घरी गेलो. वडिलांनी सरळ विचारलं, "मुलगा कसा आहे?"

आणि काकांनी उभ्या आयुष्यात खोटा पीस पास केला नव्हता.

"पीस चांगला हाय. पन अजून गरम हाय. आता काढला त वाकडा निघंल. सहा महिने ठेवा."

हा माझ्या बाजूने आलेला माणूस!

वडील खूश. "बरं. सहा महिने."

परतीच्या एसटीत काकांच्या शेजारची सीट रिकामी होती. मी भिवंडीपर्यंत उभा राहिलो.

तेव्हापासून अबोला. दहा बाय दहाच्या खोलीत.

"वैशाली, त्याला सांग, साचा उघड."

"वैशाली, त्यांना सांग, उघडला."

"मी काय पोस्टमन आहे?" ती करवादायची.

परवा शेवटचं बोललो, तेही तिच्यामार्फतच.

काल सकाळी काकांच्या छातीत दुखायला लागलं. ठाण्याला नेत होते. कशेळीच्या ट्रॅफिकमध्येच संपलं.

राहनाळच्या स्मशानात वैशालीचे वडील आले होते. माझ्या शेजारीच उभे. शब्द टाकणारा माणूसच गेला, आता माझं कोण ऐकणार, हेच डोक्यात फिरत होतं. आणि चितेसमोर आपण स्वतःच्या लग्नाचा विचार करतोय म्हणून आणखी रडू येत होतं.

त्यांनीच हळूच विचारलं, "किती झाले?"

"पाच महिने."

"मग एक आहे अजून. बाळारामचा शब्द आहे."

वर्षापूर्वी मी तिथेच भांडलो असतो.

"हो," म्हणालो.

"महिन्याने ये. एकटाच ये. मुलगा कसा आहे ते आता तुलाच सांगावं लागेल."

काल रात्रीपासून तेच जुळवतोय. कॉलेजचं सांगणार. चाळीस पिसांचं सांगणार. आणि काका, तुमच्याशी पाच महिने बोललो नाही, तेही सांगणार.

काका, सावकाश जा. मनापासून नमस्कार.