लांबचं दिसणं

लेक परदेशात गेल्यापासून रविवारी दुपारी आम्ही एका व्हिडिओ गेममध्ये भेटतो. तिथल्या टेकडीवर तिनं घर बांधलंय, खिडकीत दिवा लावलाय. मी खालच्या गावात भाजी पिकवते. पण आमचा कॉम्प्युटर तिच्या शाळेच्या वेळचा. हा नवा गेम त्याला झेपत नाही. आज तर दोन पावलं टाकली की चित्र थिजायचं आणि कॉम्प्युटरमधला पंखा घरघरायचा.

"आई, सेटिंगमध्ये जा," ती फोनवर म्हणाली. "आधी सावल्या बंद कर."

केल्या. झाडं जमिनीपासून सुटल्यासारखी दिसायला लागली. मग गवताचं हलणं बंद केलं, नदीचं चमकणंही. जरा बरं चालायला लागलं, पण मला चैन पडेना. उठून गॅलरीत गेले. कढीपत्त्याची सावली फरशीवर हलत होती. वाटलं, आपणही तब्येतीला जपायचं म्हणून एकेक बंदच करत आलो की. प्रवास बंद, जागरणं बंद, कुणाशी कडाडून भांडणंसुद्धा बंद. आणि लोक म्हणतात, छान चाललंय तुमचं!

"आई, गेलीस कुठे? आता शेवटचं. लांबचं दिसणं अगदी कमी कर."

केलं. पंखा गप्प झाला. गेममधली माझी बाई कुठेही न अडखळता भराभर चालू लागली. समोर टेकडीच्या जागी नुसतं पांढरं धुकं.

"आता चालतंय ना सुरळीत?"

"हो गं," म्हटलं, आणि लांबचं दिसणं होतं तेवढं परत वाढवलं. पंखा पुन्हा घरघरला. माझी बाई वाटेतच थिजली. थिजू दे. टेकडीवरचा दिवा दिसत होता.