सोमनाथ आला की शटर रुसतं

ऑटोमॅटिक शटरच्या धंद्यात किस्से शोधत फिरावं लागत नाही. गंगापूर रोडची एक सोसायटी घ्या, तिच्या कमिटीत चार रिटायर्ड माणसं बसवा. झालं! मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं, तरी एवढं कळतं.

त्यांच्या पार्किंगचं रिमोटवालं शटर दिवसभर मस्त चालायचं. संध्याकाळी वॉचमन सोमनाथ ड्युटीवर आला की ठप्प!

* * *

कुलकर्णी काका गाडीत बसून रिमोट दाबत राहिले. ढिम्म! उतरून शटरपाशी गेले, दाबला, उघडलं. परत येऊन सीटबेल्ट लावेपर्यंत शटर आपोआप बंद. काका पुन्हा उतरले. पुन्हा तेच! शेवटी मलाच फोन: "तूच काहीतरी करून ठेवलंयस. सारखं बोलवावं म्हणून!"

* * *

भामरे काकूंनी शटरला लिंबू-मिरची बांधली. सकाळी शटर चाललं. "बघ!" संध्याकाळी बंद. काकूंनी लिंबू निरखून पाहिलं. "हे माझं लिंबू नाही. कुणीतरी बदललंय!"

* * *

हरसूलचा सोमनाथ बिचारा मदतीला धावायचा. साहेबांचा रिमोट घेऊन शटरला खेटून दाबायचा. उघडायचं!

चेअरमन अप्पांनी डोळे बारीक केले. "आपल्या हातात चालत नाही, याच्या हातात बरं चालतं!"

"मी तं आल्यावर फक्त लाइट लावतो, साहेब."

"लाइट लावतो म्हणे! अजून काय काय लावतोस?"

तक्रारीवरून आलेलो मी तिथंच होतो. वर पाहिलं. मोटरला चिकटून नवाकोरा, स्वस्तातला एलईडी बल्ब. त्याच्या रेडिओ लहरींत रिमोटचा सिग्नल बुडत होता. लांबून तर हमखास. म्हटलं, "चांगला बल्ब घ्या, नाहीतर हा लांब लावा."

"डिग्री आहे का तुझ्याकडे?" अप्पा म्हणाले. बल्ब त्यांनीच आणला होता, हे मात्र सांगितलं नाही!

* * *

मग अप्पांनी प्रयोग केला. सोमनाथला आठवडाभर बिनपगारी सुटी! लाइट लावायचं कुणालाच सुचलं नाही. म्हातारे अंधारात ठेचकाळले, पण शटर रोज बिनतक्रार उघडलं.

"सिद्ध झालं!" येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये सोमनाथला काढायचं ठरलं.

* * *

रविवारी मी न बोलावता गेलो. सगळ्यांना पार्किंगमध्ये नेलं. सोमनाथला रस्त्यापलीकडे उभं केलं, दोन्ही हात वर.

"अप्पा, तुमच्या हातानं लाइट लावा."

अप्पांनी लावला. काकांनी गाडीतून रिमोट दाबला. ठप्प!

"आता बंद करा."

शटर उघडलं.

"पुन्हा लावा."

ठप्प!

पलीकडून सोमनाथ ओरडला, "मी इथंच उभा हाय, साहेब!"

काका सावकाश गाडीतून उतरले. अप्पांकडे बघत दोन पावलं मागे सरकले.

"अप्पा... म्हणजे तुम्हीपण त्याला सामील?"