साठ मार्कांची माफी

परीक्षेतले दोन पेपर माफ झालेला म्हणून आमच्या ऑफिसात त्याला सगळे 'एक्झम्प्शनवाला' म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. यवतमाळच्या ज्या सीएंकडे मी आर्टिकलशिप करत होते, म्हणजे पुढे सीए होण्यासाठी त्यांच्या हाताखाली उमेदवारी करत होते, त्यांच्याकडे तो माझ्या आधीपासून होता. त्याची स्वतःची उमेदवारी केव्हाच संपली होती. तरी तो हलला नव्हता. खिडकीजवळचं टेबल, पंख्याखालची खुर्ची आणि आम्हा नवीन पोरापोरींना शहाणपण शिकवायचा मक्ता, एवढ्यावर तो खूश होता. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो.

माझे वडील घाटंजीला एसटीच्या गाड्या दुरुस्त करायचे. आमच्या सगळ्या गोतावळ्यात सीए कोणी पाहिलाही नव्हता. वडील एकदाच म्हणाले होते, "हे नेमकं काय असते मले समजत नाही, पण तू करून राह्यली तर नीट कर." तेव्हा परीक्षेतले बारकावे विचारायला मला घरी कोणी नव्हतं. ऑफिसात हा होता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. मुंबई-दिल्लीच्या गाड्या जिल्ह्यात यायच्या, एखाद्या गावात तासभर थांबायच्या आणि परत जाताना आमच्या सरांकडे चहाला टेकायच्या. सरांकडे दोन-तीन जिनिंग कारखान्यांचं ऑडिट होतं, तेवढ्या जोरावर ते आलेल्या प्रत्येक पत्रकाराला कापसाचं अर्थशास्त्र समजावून सांगायचे. सरकीला हात लावला तर ते रुमालाला हात पुसायचे. भाऊ शेजारी उभा राहून माना डोलवायचा, आणि पाहुणे गेले की आमच्याकडे वळून म्हणायचा, "सरांचा स्टडी पाहा."

इंटरच्या, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेच्या, पहिल्या ग्रुपला मी पहिल्यांदा बसले ती मे महिन्यात. तीन पेपर होते: अकाउंट्स, लॉ आणि ऑडिट. प्रत्येकात किमान चाळीस मार्क आणि तिन्ही मिळून तीनशेपैकी दीडशे मिळाले तरच ग्रुप सुटायचा. मला अकाउंट्समध्ये अडतीस पडले, ऑडिटमध्ये सत्तेचाळीस आणि लॉमध्ये चौसष्ट. बेरीज एकशे एकोणपन्नास. दोन मार्कांनी पेपर गेला आणि एका मार्काने बेरीज. मी जिन्यात जाऊन रडले. भाऊ मात्र पेढे आणायला निघाला होता.

"रडतेस कायले? लॉमध्ये साठच्या वर हाय ना? एक्झम्प्शन भेटली तुले."

मग त्याने कागद घेऊन मला समजावून सांगितलं. ग्रुपमध्ये नापास झालो तरी एखाद्या पेपरात साठ किंवा जास्त पडले असतील तर तो पेपर माफ होतो. पुढच्या वेळी तो द्यावा लागत नाही आणि त्यातले मार्क बेरजेत धरले जातात. म्हणजे माझे चौसष्ट जमा होते. उरलेल्या दोन पेपरांत मिळून शहाऐंशी हवे होते. एवढं त्याने बरोबर सांगितलं, आणि म्हणूनच पुढचं मी आंधळेपणाने ऐकलं.

पुढची परीक्षा नोव्हेंबरात. तेव्हा जिनिंग सुरू होतात, ऑफिसात काम तुंबतं, सुट्टी मागितली की सरांच्या कपाळावर आठ्या. मला जेमतेम पंधरा दिवस मिळाले. दोन्ही पेपर होतील की नाही याची मला धास्ती होती. भाऊने खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली.

"दोन्ही कायले करते? अकाउंट्स धर. एकच. साठ पाड त्याच्यात. दुसरी एक्झम्प्शन झाली तुही. मंग मे महिन्यात फक्त ऑडिट उरते, थे तर वाचून बी होते."

"आणि आत्ताच्या ऑडिटच्या पेपराचं काय?"

"त्याले जाऊच नको. कायले तीन तास घाम गाळतं? अमरावतीले एक मुक्काम वाचते."

केबिनचं दार उघडं होतं. सर आत बसले होते, त्यांना शब्दन् शब्द ऐकू जात होता. ते काही बोलले नाहीत. मी ते त्यांची संमती आहे असं धरलं. परीक्षेच्या फॉर्मबरोबर सीएच्या संस्थेने पाठवलेली माहितीपुस्तिका माझ्या बॅगेत होती. ती मी उघडली नाही. शंभर पानांचं कंपनी लॉ पाठ करणारी मी, वीस पानांची पुस्तिका वाचायला मला कंटाळा आला. या सगळ्यात मी दुसऱ्यांना जी नावं ठेवते त्यातलं एक मला स्वतःलाही ठेवायला हवं, ते इथेच ठेवते.

नोव्हेंबरात अमरावतीला जाऊन मी अकाउंट्सचा पेपर दिला. ऑडिटच्या दिवशी घाटंजीला घरी झोपून राहिले. निकाल लागला तेव्हा अकाउंट्समध्ये सहासष्ट होते. भाऊने हात वर करून सगळ्या ऑफिसला दाखवलं, जणू पेपर त्यानेच दिला होता. मी संध्याकाळी खोलीवर जाऊन गुणपत्रिका नीट पाहिली. लॉसमोर सूट असल्याची खूण होती. अकाउंट्ससमोर काहीच नव्हतं. छपाईत राहिलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून संस्थेच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता.

"मॅडम, तुम्ही ऑडिटला गैरहजर होतात. ग्रुपमधले जे पेपर माफ नाहीत ते सगळे द्यावे लागतात, तरच साठच्या वरचा पेपर माफ होतो. नुसतं जाऊन बसला असतात तरी चाललं असतं."

बूथच्या बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि डोक्यात बेरीज केली. चौसष्ट आणि सहासष्ट, एकशे तीस. ऑडिटला जाऊन चाळीस पाडले असते तर मी ग्रुप पास झाले असते. आदल्या वेळी धड न वाचता मला त्यात सत्तेचाळीस पडले होते.

मी भाऊला सांगितलं. तो म्हणाला, "असं कसं होते? नवीन नियम केला असंल." मग फाइल उघडून जिनिंगच्या स्टॉकच्या याद्या तपासायला लागला. सॉरी वगैरे काही नाही.

त्या शनिवारी घाटंजीच्या गाडीत मी ती पुस्तिका पहिल्यांदा वाचली. नियम तिथे होता आणि तो नवीन नव्हता. त्याच्या खाली दुसरा नियम होता, तो मी दोनदा वाचला. सूट पुढच्या तीन परीक्षांपुरतीच असते. त्या तीन वेळांत ग्रुप सुटला नाही तर साठ मार्क जातात आणि पेपर पुन्हा द्यावा लागतो.

वर्षाला परीक्षा दोन. म्हणजे सूट दीड वर्ष टिकते. भाऊच्या दोन एक्झम्प्शन मी ऑफिसात आले त्या दिवसापासून ऐकत होते, आणि माझ्या आधीची मुलंही ऐकत होती. लोणचंसुद्धा इतकं टिकत नाही.

मे महिन्यात मी दोन्ही पेपरांची तयारी केली. भाऊ दर परीक्षेला अमरावतीला जायचाच, तिथे त्याची बहीण राहायची. या वेळी आम्ही एकाच गाडीने गेलो. "माहं फक्त ऑडिट राह्यलं," तो वाटेतल्या नेरपर्यंत सांगत होता. आमच्या केंद्रावर ऑडिटचे सगळे उमेदवार तळमजल्यावरच्या एकाच हॉलमध्ये होते. मी पेपर सुरू व्हायच्या आधी एकेक चेहरा पाहिला. भाऊ नव्हता. अर्ध्या तासाने पाहिलं, तेव्हाही नव्हता. मधे पाणी प्यायला बाहेर आले तर वर जाणाऱ्या जिन्याच्या जाळीला कुलूप होतं.

परतीच्या गाडीला तो स्टँडवर उभा होता. शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती.

"जरा लांबलचकच होता पेपर," तो म्हणाला.

"तुम्ही कोणत्या हॉलमध्ये होता, भाऊ?"

"वरच्या."

मी बरं म्हटलं. त्याच्या 'वरच्या' या एका शब्दाने मला यवतमाळपर्यंत पुरेल इतका तिरस्कार वाटला. नापास होणाऱ्याचा मला कधी राग आला नाही, मीही नापासच झालेली. पण हा माणूस परीक्षेला बसतच नव्हता. वर्षातून दोनदा तो अमरावतीला बहिणीकडे जेवायला जात होता आणि त्याचं नाव ऑडिटचा पेपर असं ठेवत होता. आणि त्याचं ऐकून मी माझे सहासष्ट मार्क फेकून दिले होते.

माझा ग्रुप त्या वेळी सुटला. अकाउंट्समध्ये त्रेपन्न, ऑडिटमध्ये चव्वेचाळीस. मिरवावं असं त्यात काही नव्हतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती. सर बाहेर, भाऊ एका जिनिंगवर, ऑफिसात मी एकटी. राळेगावकडचे एक शाळामास्तर आले. पांढरा पायजमा, काखेत पिशवी. भाऊसाठी त्यांच्या मुलीचं स्थळ चाललं होतं आणि ते चौकशीला आले होते. त्या वर्षांत आपली पोर शेतीवाल्याला द्यायला कोणी तयार नव्हतं. शेतकरीसुद्धा शेतकऱ्याला देत नव्हता. त्यामुळे टेबलखुर्चीवर बसणारा कसलाही माणूस लग्नाच्या बाजारात वधारला होता आणि भाऊ तर भलताच. मास्तरांनी पिशवीतून त्याचा बायोडाटा काढला. त्यात शिक्षणासमोर लिहिलं होतं: सीए इंटर, दोन पेपर माफ.

"बाई, एक विचारू का?" मास्तर संकोचाने म्हणाले. "हे पेपर माफ काहून झाले? काही आजारपण होतं का पोराले? की हातापायात काही हाय?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. "नाही गुरुजी. साठ मार्क पडले की तो पेपर माफ होतो."

"म्हणजे हुशारीचं हाय."

"एका पेपरापुरतं. पण त्या वेळी ग्रुपमधे नापास झालेलं असावं लागतं."

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी एसटीच्या तिकिटाच्या मागे लिहायला पेन काढलं. "सांगा बरं नीट."

मी नीट सांगितलं. चाळीस मार्क, दीडशेची बेरीज, साठची अट, सगळे पेपर द्यायची अट, तीन परीक्षांची मुदत. भाऊचं नाव मी एकदाही घेतलं नाही. मास्तर शाळेत हिशेब शिकवणारे असावेत. त्यांनी विचारलं, "अन् तीन बारी झाल्या की?"

"मग माफी संपते."

"पोरगा इथं किती वर्षांपासून हाय?"

"मी आले त्याच्या आधीपासून. मला दोन वर्षं झाली."

"अन् माफी कधी भेटली यायले?"

"ते त्यांनाच विचारा, गुरुजी."

"विचारतो," ते म्हणाले. तिकीट घडी करून खिशात ठेवलं, पाणी प्यायले आणि गेले.

आठवड्याने स्थळ मोडल्याचं कळलं. भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आवाज खाली होता.

"मास्तरले काय सांगतलं तू?"

"नियम."

"कोणते नियम?"

मी ड्रॉवरमधून पुस्तिका काढली, पान उघडलं आणि त्याच्यापुढे सरकवली. त्याने पाहिलं नाही. म्हणाला, "मले माहीत हाय."

"केव्हापासून?"

त्याने पुस्तिका माझ्याकडे परत ढकलली.

"मग मला ऑडिटला जाऊ नको असं काहून सांगितलं?"

"मी बी तसंच केलतं," तो म्हणाला. "माहे बी एकदा असेच गेले. अडुसष्ट होते. मले वाटलं, आता नियम बदलला असंल."

क्षणभर त्याचा चेहरा अगदी साधा, उघडा दिसला, आणि मला वाटलं की आता कीव येईल. आली नाही. ज्या खड्ड्यात आपण पडलो तिथे फळी टाकायची सोडून दुसऱ्याला हात धरून नेणारा माणूस. मी पुस्तिका मिटून परत ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मला काम आहे असं सांगितलं. त्याचं लग्न मोडल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

सरांनाही मी विचारलं. केबिनमध्ये जाऊन सरळ विचारलं, की सर, त्या वेळी तुम्हाला हा नियम माहीत होता का.

"होता की," सर म्हणाले.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तू मला विचारलं नाहीस." त्यांनी चष्मा पुसला. "आणि त्याचं म्हणशील, तर तो काम चांगलं करतो. पास झाला असता तर केव्हाच गेला असता."

एवढं ते सहज म्हणाले आणि त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांसाठी बिस्किटं आणायला सांगितली. भाऊपेक्षा हा माणूस मला जास्त हलका वाटला. भाऊने निदान स्वतःलाही फसवलं होतं. बिस्किटं मी आणली नाहीत. आर्टिकलशिपचे उरलेले महिने मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले आणि मुदत संपली त्याच दिवशी ऑफिस सोडलं. फायनलला मला चार वेळा बसावं लागलं. त्या चार वेळांत मी एकही पेपर सोडला नाही, ताप होता तेव्हाही.

भाऊने पुढे स्वतःचं ऑफिस काढलं. बोर्डावर 'कर सल्लागार' लिहिलं आणि लोक आपोआप त्याला सीएसाहेब म्हणायला लागले. त्याने कोणाला दुरुस्त केलं नाही. लग्नही झालं, चांगल्या घरची बायको मिळाली. काही वर्षांपूर्वी मी वडिलांना भेटायला जात होते तेव्हा यवतमाळच्या स्टँडवर तो दिसला. बायको आणि शाळेच्या वयाची मुलगी सोबत होती. मी तोंड फिरवायच्या आत त्याने हाक मारली आणि बायकोला अभिमानाने माझी ओळख करून दिली.

"ह्या मोठ्या सीए हायेत पुण्याच्या. माह्या हाताखालीच शिकल्या."

बायकोने हात जोडले. मीही जोडले. ती मुलीला म्हणाली, "नमस्कार कर मॅडमले." मुलगी वाकली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. घाटंजीची गाडी लागली होती. मी भाऊशी एक शब्दही न बोलता गाडीत चढले, आणि तो खालून काचेवर टकटक करून मला हसत हसत निरोप देत राहिला.