ॲथलोनमध्ये भेटलेलं कॅलाबार

आयर्लंडमध्ये लेकीकडे स्वोर्ड्सला आलेल्या आईने काय बघावं, याची यादी सगळ्यांकडे तयार असते. समुद्रकाठचे कडे, किल्ले, मेंढ्या. मी म्हटलं, मला ॲथलोनला जायचंय. एका बाईंना जाब विचारायचाय.

त्या बाई म्हणजे सिस्टर ब्रिजिड. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला भूगोल शिकवायच्या. मधल्या सुटीत मी त्यांना फुगडी शिकवली होती. पांढरा झगा सावरत गरगर फिरायच्या. मी आठवीत असताना एका सोमवारी वर्गावर दुसरीच बाई आली. "सिस्टर कॅलाबारला गेल्या," एवढंच कळलं. निरोप नाही, पत्र नाही. तेव्हापासून मी त्या शहरावर डूख धरून आहे. सिस्टर आता ॲथलोनच्या एका वृद्धाश्रमात आहेत, हे वर्गमैत्रिणींच्या ग्रुपवर कळलं आणि मी पिशवी भरली.

"यू विल बी ग्रँड, आजी," नात म्हणाली. हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथलंच; ग्रँड म्हणजे झकास.

स्वोर्ड्सहून बसने विमानतळ आणि तिथून ॲथलोनची कोच. तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढा, स्वस्त पडतं. दोनेक तास बाहेर हिरवं, मग आणखी हिरवं. मी मात्र मनात एक लांबची नदी बघत होते. ज्याचा राग येतो त्याच्याबद्दल माणूस सगळं वाचून काढतं. कॅलाबार नायजेरियात, कॅलाबार नदीच्या काठावर. क्वा, एफुट आणि एफिक अशा तीन समाजांचं गाव, आणि मूळचे कोण यावर तिघांचं पटत नाही. (पुणेकरांना हे समजावून सांगायला नको.) एफिक व्यापाऱ्यांनी गोऱ्यांना आत पाऊल टाकू दिलं नाही. जहाजं नदीतच नांगरा, सौदा आमच्याशीच करा! त्या जहाजांतून आधी गुलाम म्हणून माणसं गेली, नंतर पामतेल. कोणी विकली आणि कोणी विकत घेतली, हे वाचताना मान खाली जाते. पण नदी डोळ्यांसमोरून हलत नाही.

ॲथलोनला शॅनन नदीच्या पुलावर छत्री उघडू नका, वारा ती नेईल. किल्ल्याजवळ सूप आणि ब्राउन ब्रेड मिळतो. सूप गरम असतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली.

"हो का? किती छान," त्या म्हणाल्या. पोस्टमनलाही असंच म्हणत असतील. झालं! आता जाब कुणाला विचारणार?

त्यांना सांभाळणारी आरित चहा घेऊन आली. "कुठून आलात, मम्मी?" तिच्याकडे मोठ्या बाईला मम्मी म्हणतात.

"पुण्याहून. पूना."

तिने ट्रे खाली ठेवला. "पूना? पण तो तर खेळ आहे!"

आणि तिने हातांची फुली करून माझ्यापुढे धरली. तिची आई कॅलाबारला याच सिस्टरांच्या शाळेत होती. तिथल्या मुली मैदानात पूना खेळायच्या. पुढे आरितही खेळली. "आम्हाला वाटायचं, सिस्टरांनी आणलेला हा आयरिश खेळ आहे."

"आयरिश? काय संबंध? मी शिकवलाय तो!"

"मग दाखवा ना, मम्मी."

धरले हात. गुडघ्यांनी तक्रार केली, पण दोन फेरे झाले. तेवढ्यात खिडकीपाशी वर्गातला जुना आवाज चढला. "मुलींनो, पाय जुळवा. मागे झुका. आणि हात सोडू नका!"

हात सोडू नका? हे मला कोण सांगतंय! बोलायला तोंड उघडलं होतं. पण आधी डोळे पुसायला हवे होते, आणि ते हात सोडल्याशिवाय जमत नव्हतं.

स्वोर्ड्सला परतल्यावर लेकीने विचारलं, "मग? विचारलास जाब?"

"नाही. पूना खेळले."

न सांगता जाणं वाईटच. ते मी माफ केलेलं नाही. पण मी ज्या गावाला इतकी वर्षं नावं ठेवली, तिथे माझ्या गावाचं नाव घेऊन पोरी गरगर फिरत होत्या. आता रोज कॅलाबारचा नकाशा उघडते. आरित म्हणते, शाळेचं मैदान अजून आहे, संध्याकाळी तिथे नदीचा वारा येतो. डॉक्टर मला दोन जिनेही चढू देत नाहीत. मी काही तिथे पोचणार नाही.

तुमच्यापैकी कोणी गेलंच, तर त्या मैदानापाशी थोडं थांबा. दोन मुली हातांची फुली करून फिरताना दिसल्या, तर याला फुगडी म्हणतात, असं त्यांना सांगू नका.